मागील बाकी

अण्णा गेले तेव्हा मार्केट यार्डाच्या फाटकावर फ्लेक्स लागला. ‘दानशूर’ ही अक्षरं अण्णांच्या फोटोपेक्षा मोठी होती. लावणाऱ्याच्या भावना खऱ्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण बार्शीतल्या त्या अडत दुकानात वीस-बावीस वर्षं मी दिवाणजी होतो. कीर्द, खतावणी सगळं माझ्या हातचं. त्यात दानधर्माचं खातं बघाल तर अगदीच रोडकं निघेल. गणपतीची वर्गणी, भगवंताच्या देवळात आषाढी-कार्तिकीला काहीबाही, एखाद्या शाळेच्या छपराला चार पत्रे. यार्डातल्या कितीतरी व्यापाऱ्यांनी याच्या दसपट दिलं असेल. संगमरवरी पाट्यांवर त्यांची नावंही आहेत. तरी वैराग, येरमाळा, परांड्याकडून माणसं टेम्पो करून आली ती अण्णांच्या अंत्ययात्रेला. असं का, याचं उत्तर वह्यांतच आहे, पण ते उधारीच्या पानांवर शोधावं लागतं.

बार्शी तशी सोलापूर जिल्ह्यातली, पण बसलेली मराठवाड्याच्या उंबऱ्यावर. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून छोटी रेल्वे आली, पुढे ती लातूरपर्यंत गेली, आणि भूम-कळंबकडची ज्वारी, तूर, हरभरा, करडई बार्शीच्या पेठेत उतरू लागली. मी ऐंशीच्या दशकात दुकानात लागलो तेव्हाही ती गाडी रमतगमत यायची आणि स्टेशनात उतरलेला शेतकरी पिशवी खांद्याला लावून थेट अडतीत यायचा. मी कॉमर्सला होतो. वडील गेले, कॉलेज सुटलं. अण्णांनी अक्षर बघितलं, एक बेरीज घातली आणि म्हणाले, “उद्यापासून ये. पगाराचं पहिल्या महिन्यानंतर बोलू.” महिन्यानंतर मी सांगणार होतो त्यापेक्षा पन्नास जास्त त्यांनी स्वतःच बोलून टाकले. मला घासाघीस करायची संधीच मिळाली नाही, याची रुखरुख नंतर बरेच दिवस होती.

अडत म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला थोडं सांगावं लागेल. शेतकरी माल आणतो, हमाल उतरवतात, पोतं उसवून ढीग लावतात. खरेदीदार फिरत येतात, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारतात, एखादा दाताखाली धरतात, आणि लिलाव होतो. मापाडी माप करतो. मग दिवाणजी पट्टी लिहितो: एवढे क्विंटल, हा भाव, ही रक्कम, त्यातून तेव्हा अडत, हमाली, तोलाई वजा. शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी रोख. खरेदीदार मात्र अडत्याला आठ-पंधरा दिवसांनी देणार, कधी महिन्याने. मधल्या दिवसांचा भार अडत्याच्या गल्ल्यावर. त्यामुळे अडतीत माणूस कसा आहे हे त्याच्या पैशाच्या चणचणीत कळतं.

बाजार समित्यांचा कायदा येण्याआधी सौदे रुमालाखाली चालत. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली बोटं दाबणार, मालाचा धनी समोर बसून नुसता रुमाल बघणार. वजावटीही नाना तऱ्हेच्या होत्या. कडता, नमुना, आणि वर धर्मादाय. कायद्याने हे बंद केलं, पण सवयी एका कायद्याने जात नाहीत. मी लागलो तेव्हाही कुठे कुठे पट्टीवर धर्मादायाचे चार-आठ आणे दिसायचे. अण्णांना त्याची चीड होती. “पोतं त्याचं, धर्म माझा आन् पाटीवर नाव माझ्या बापाचं? जमायचं न्हाई,” असं ते भर यार्डात बोलायचे. शेजारच्या ओट्यावरचे लोक हसून सोडून द्यायचे, पण त्यांना ते आवडत नसे.

तोंडाने अण्णा फटकळच होते. ओला माल आणला तर शेतकऱ्याला चारचौघांत झाडायचे. रिक्षावाल्याशी आठ आण्यांवरून भांडायचे. चप्पल अंगठा तुटल्याशिवाय बदलली नाही, आणि तुटली की आधी मोच्याकडे.

उचल मागायला माणूस यायचा तो सहसा दुपारी, लिलाव संपल्यावर. बियाणं, खत, आजारपण, पोरीचं लग्न, कारणं ठरलेली. अण्णा त्याला गादीवर बसवायचे, पाणी द्यायला लावायचे आणि पाऊसपाण्याचं बोलत राहायचे. गल्ल्याला हात लावायचे नाहीत. वापरलेल्या पट्टीच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडा लिहून ती चिठ्ठी माझ्याकडे सरकवायचे. मी आतल्या खोलीत पैसे मोजायचो. दुकानात दुसरं गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी त्याला कळायचं नाही की हा मागायला आलाय. मागितले असतील पाचशे तर चिठ्ठीवर पाचशे वीस असायचे. हे वरचे वीस कसले म्हणून मी सुरुवातीला विचारलं. “यष्टीचं भाडं. पाचशे मोडून तिकीट काढलं की घरी पाचशे पोचत न्हाईत, आन् बायकूला हिशोब द्यावा लागतो.” वीस रुपयेही नावे टाकायचे, हे मात्र त्यांनी बजावून सांगितलं होतं. सोडायचे नाहीत.

ही सगळी उचल वेगळ्या लाल कापडी वहीत असे. व्याज नाही. तारण नाही. सही-अंगठा मी घ्यायचो, ते माझ्या समाधानासाठी. आयकरासाठी १९८९ पासून मार्चअखेरचं वर्ष सगळ्यांना सक्तीचं झालं, तरी ही वही अण्णांनी दिवाळीचीच ठेवली. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची आणि पाडव्याला जुन्या वहीतली प्रत्येक बाकी नव्या वहीत ओढायची: ‘मागील बाकी’ म्हणून, नाव, गाव, रक्कम. सगळं गाव फराळ करत असताना मी हे लिहीत बसायचो. काही नावं अशी होती की मी लागल्यापासून त्यांत एक पैसा जमा झालेला नव्हता. माणूस पुण्याला गेलेला, जमीन विकलेली, एक-दोन तर वारलेले. दर पाडव्याला तेच आकडे पुन्हा.

आमचे कर सल्लागार म्हणायचे, हे बुडीत दाखवा, करात तेवढाच फायदा. कायद्यानेही उधारी वसुलीची मुदत तीन वर्षं, त्यानंतर दावा लागत नाही. मी ते अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं, मग विचारलं, “पान काढून टाकलं, आन् उद्या तो पैसे घेऊन आला तर कुठं जमा करशील?” मी म्हटलं, येणार नाही. “न्हाई आला तर न्हाई. तुझ्या शाईचं नुकसान. आणून दीन बाटली.”

माळ्यावर १९७२ च्या दुष्काळाची वही होती. ती मी एकदा साफसफाईत काढली. त्या साली अण्णा तिशीतले, दुकान नुकतंच वडिलांकडून आलेलं. यार्डात मालच नाही, तर अडत कसली? माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळत होता, कामावर सुकडी वाटत होते. वहीत पानामागून पान फक्त नावे. पंचवीस, चाळीस, दहा. एका ठिकाणी ‘कडबा, बैलासाठी’, एका ठिकाणी नुसतं ‘मीठमिरची’. जमेची बाजू कोरी. पुढची तीन-चार वर्षं चाळली तर जमा दिसायला लागते, तीसुद्धा तुकड्यातुकड्यांनी, सुगीला. बरेचसे फिटले. त्या वर्षी अण्णांनी आपल्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, पाटल्या सराफाकडे ठेवल्या होत्या. ते वहीत नव्हतं. ते मला काकींनी सांगितलं, आणि पाटल्या पुढे सोडवल्या का असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एक.”

आता माझा संशय सांगतो, कारण तो मला बरीच वर्षं होता. ज्याला उचल दिली तो सुगीत माल दुसरीकडे कसा नेईल? माल आपल्या दुकानी आला की शेकडा दोन-तीन अडत सुटते. म्हणजे हा उदारपणा फार तर बिनव्याजी भांडवल झालं, आणि पेठेतले बरेच अडते उचल द्यायचे ती शेतकरी बांधून ठेवायलाच. मी हे एकदा अण्णांना तोंडावर म्हटलं. त्यांना राग आला नाही. “मग? धंदा बंद करून देऊ का पैसे? कुठनं देऊ?” म्हणाले.

हे उत्तर मला तेव्हा पळवाट वाटलं होतं. पण त्याच हंगामात एक गोष्ट झाली. आमच्याकडे तीन सालांची बाकी असलेल्या कळंबकडच्या एकाच्या तुरीची गाडी आमचा ओटा ओलांडून पुढे गेली आणि चार दुकानं सोडून थांबली. हमाल पळत सांगायला आला. कुठल्याही अडत्याने माणूस पाठवून गाडी वळवून आणली असती. तसा यार्डाचा रिवाजच होता. अण्णांनी पानाला चुना लावत विचारलं, “तिथं भाव काय फुटला?” हमालाने सांगितला. आमच्यापेक्षा क्विंटलमागे पंधरा रुपये जास्त होता. “मग बरोबर गेला की,” म्हणाले, आणि पान तोंडात टाकलं. तो शेतकरी संध्याकाळी मान खाली घालून आमच्यासमोरून निघाला होता. अण्णांनी हाक मारून त्याला चहा पाजला आणि तुरीच्या भावाखेरीज सगळ्या विषयांवर बोलले. वहीत त्याची बाकी तशीच ओढली गेली. माझा संशय त्या दिवशी पुरता गेला असं नाही, पण त्यानंतर तो मी बोलून दाखवला नाही.

घरात या सगळ्याची किंमत काकी मोजत होत्या. दुकानाच्या पोटमाळ्यावर कायम दोन-चार खेड्यातली पोरं राहायला असत. जगदाळे मामांनी विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या बोर्डिंगात ज्यांना जागा मिळाली नाही अशी, शिवाजी कॉलेजला जाणारी. भाडं नाही, पण संध्याकाळी हमालांची हजेरी लिहायची आणि पोती मोजायची. भाकरी काकींकडून. काकींचा परातीवर हात पडायला लागला की गल्लीत आवाज जायचा, आणि तो थांबला म्हणजे साडेसात झाले असं शेजारी समजायचे. त्या पोरांतले काही पुढे तहसीलदार, मास्तर झाले, काही बँकेत लागले. ते अण्णांचं नाव घेतात. काकींच्या भाकरीचं नाव घेणारा मला एकच भेटला, आणि तो त्या पोरांत सगळ्यात कमी शिकलेला होता.

थोरल्या मुलाला इंजिनिअरिंगला खासगी कॉलेजात घालायचं तर पैसे कमी पडले. त्याने डिप्लोमा केला. तो मला एकदा म्हणाला होता, “लोकांच्या पोरींची लग्नं झाली आमच्या पैशात, आन् माझी शिडी दोन पायऱ्या कमी.” त्याचं चुकलं असं मला कधी म्हणता आलं नाही. घरातल्यांना न विचारता दिलेला पैसा थोडा घरातल्यांचाही असतो. अण्णांना याची जाणीव होती का? असावी. मुलाच्या वर्कशॉपला जागा घेताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बँकेचं कर्ज काढलं आणि त्याचा हप्ता कधी चुकू दिला नाही. पण तोंडाने मुलाला कधी काही बोलले नाहीत. त्या पिढीतल्या बापांना ते जमतच नव्हतं.

मुलीच्या लग्नात मी वही काढून म्हटलं, निदान मोठ्या बाकीवाल्यांना निरोप धाडू. अण्णांनी वही मिटायला लावली. “लग्नाची पत्रिका आन् वसुलीचा निरोप एकाच पोस्टमननं न्यायचा व्हय?” पत्रिका गेल्या. लहान बाकीवाले बहुतेक जण आपण होऊन काही ना काही घेऊन आले. कुणी ज्वारीचा कट्टा, कुणी तुपाचा डबा, एकाने सरपणाची बैलगाडी. मोठ्या बाकीवाल्यांतले दोघे सहकुटुंब आले, बुंदी दोनदा वाढून घेतली, आहेरात स्टीलचा तांब्या दिला आणि गेले.

अण्णांना एक गोष्ट मुळीच जमत नसे, ती म्हणजे दवाखाना. बार्शीत नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल झालं आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका उपचाराला येऊ लागल्या. खेड्यापाड्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवण्याचं काम देशात पहिल्यांदा बार्शीलाच सुरू झालं, १९८७ मध्ये. बहुतेक बायका गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या, फार उशिरा आलेल्या. बाई खाटेवर आणि नवरा झाडाखाली तीन दगडांवर भात शिजवतोय, असं दिसायचं. त्यातले ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, आमच्या गोदामाच्या ओट्यावर येऊन राहायचे. अण्णांनी तिथे रॉकेलचा स्टोव्ह आणि ज्वारीचं पोतं ठेवलं. पण स्वतः कधी वॉर्डात पाऊल टाकलं नाही. वास सहन होत नाही म्हणायचे. आई तशीच गेली होती त्यांची, हे मला फार उशिरा कळलं. जायच्या त्या काकी. बाईची वेणी घालून द्यायच्या, चार गोष्टी बोलायच्या आणि येऊन अण्णांना काहीच सांगायच्या नाहीत. तेही विचारायचे नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या नवऱ्याला द्यायच्या चिठ्ठीवरचा आकडा मोठा झालेला असायचा.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुकीचे ढोल वाजवून दमलेलं गाव नुकतं झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला भांडी वाजली, पलंग हलला. उजाडेपर्यंत भूकंपात कोसळलेल्या किल्लारीचं नाव ऐकू आलं. सकाळी दहापर्यंत यार्डात कपड्यांचे, भाकऱ्यांचे, बिस्किटांचे ढीग जमायला लागले. अण्णा आले, ढिगाकडे बघितलं आणि मला गोदाम उघडायला लावलं. ट्रकमध्ये त्यांनी घातला बारदाना, म्हणजे रिकामी पोती, होती नव्हती तेवढी. शिवाय सुंभ-दोरखंड, टिकाव, घमेली, कंदील. आणि हमाल. त्या भागातली घरं माळवदाची, दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर मातीचं ओझं. “तिथं आता वजन उचलणारी माणसं पायजेत. वजन कसं उचलायचं ते ह्यांच्याइतकं कुणाला कळतं?” एवढंच बोलले. हमाल कुणी सांगायची वाट बघत नव्हतेच. हुक खांद्याला अडकवून ते ट्रकपाशी उभे होते.

मी त्या ट्रकबरोबर गेलो. अण्णांच्या हुशारीचा खरा अर्थ मला तिथे कळला. पाऊस लागला होता. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे डोंगर भिजून चिखल झाले होते, त्यांना कुणी हात लावत नव्हतं. आमची पोती मात्र पहिल्या तासात संपली. कुणी अंथरली, कुणी उसवून डोक्यावर घेतली, काही कशासाठी गेली ते मी इथे लिहीत नाही. आमचा एक म्हातारा हमाल तुळईखाली पाचर कुठे मारायची ते जवानांना हाताने दाखवत होता. त्यांची भाषा वेगळी, याची वेगळी, पण तुळई उचलली गेली. परत आल्यावर हमालांची त्या दिवसांची मजुरी दुकानखर्चात टाकायला अण्णांनी सांगितलं. हमालांनी घेतली नाही. भांडण झालं. शेवटी ती रक्कम त्यांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांना लावली, आणि लाल वहीत तेवढं एकच खातं असं आहे की जिथे अण्णा देणेकरी आहेत.

पुढे सोयाबीन आलं, ओलावा मोजायचं मशीन आलं, मिलवाले थेट गावातून माल उचलू लागले. छोटी गाडी बंद पडून मोठी रेल्वे आली. उचल मागायला येणारे कमी झाले, बचत गट आणि फायनान्सवाले गावोगावी पोचले होते. अण्णांचं येणंही कमी झालं. शेवटच्या वर्षात ते गादीवर बसून मला जुनी नावं वाचायला लावायचे आणि प्रत्येकाची हकीकत सांगायचे. कुणाची विहीर कुठे, कुणाचा बैल कोणत्या बाजारात घेतला. बाकीचा आकडा त्यांना कधीच आठवत नसे.

ते गेल्यावर थोरल्याने अडतीचं लायसन्स परत केलं. दुकान खताच्या दुकानाला भाड्याने दिलं. लाल वही मी घरी काकींकडे नेऊन ठेवली. पुढच्या सुगीत येरमाळ्याकडचा एकजण ज्वारीचे दोन कट्टे छोट्या टेम्पोत घालून दारात आला. वहीत त्याची बाकी पंच्याण्णव सालची, सात हजार. नोटा धोतराच्या सोग्यात बांधलेल्या. थोरला म्हणाला, “काका, राहू द्या. आता दुकान न्हाई, वही न्हाई. अण्णांच्या नावानं सोडलं समजा.” म्हातारा असा काही चिडला की आसपासचे लोक बाहेर आले. “मी काय तुमच्या दारात मागाय आलो व्हय? घेतलं तवा लिवून घेतलं न्हवं? मग आता जमा करा!”

काकींनी मला बोलावणं पाठवलं. मी वही काढली, पान उघडलं, सात हजार जमेला टाकले, खाली रेघ ओढली. तो म्हणाला, आता पावती द्या. पावतीबुक कुठलं? जुन्या पट्टीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. मग कट्ट्यांवरून वाद लागला. ते व्याज म्हणून आणलेत असं त्याचं म्हणणं. थोरला म्हणाला, व्याज आम्ही कधी लावलं नाही, अण्णांना चाललं नसतं. शेवटी काकी म्हणाल्या, “मालदांडी दिसते. मी इकत घेते, भाव बोला.” त्याने यार्डातल्या भावापेक्षा कमी सांगितला, काकींनी जास्त सांगितला. बराच वेळ दोघंही मागे हटेनात. मधलं काहीतरी ठरलं. टेम्पोवाल्याने कट्टे उतरवून आत नेले आणि हमाली मागितली. म्हातारा म्हणाला, ती घेणाऱ्यानं द्यायची असते. काकी म्हणाल्या, अडतीत शेतकऱ्याच्या पट्टीतनं कापतात, दिवाणजींना विचारा. दोघं माझ्याकडे बघायला लागले.